‘हप्ते फिटले की ट्रक आपला’? थांबा जरा

सोलापुरात कांद्याची गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर लोकांत हमखास ऐकू येतं: मालकाचा ट्रक चालवायचा, भाड्यातून हप्ता कापून द्यायचा, शेवटी गाडी आपसूक आपली. आपसूक काही होत नाही. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघा. त्यावर नाव मालकाचं, कर्जाचा बोजा फायनान्सवाल्याचा. हप्ते फिटल्यावर बोजा उतरवायला आरटीओचा फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. सगळीकडे मालकाची सही लागते. तो फिरला तर? मधेच गाडी सोडली तर भरलेले पैसे कुणाचे, इंजिनचं काम कुणाच्या खिशातून, हे करारात लिहिलेलं नसेल तर तुम्ही बिनपगारी ड्रायव्हरच. हैदराबादहून रिकामं परतलात तरी हप्ता थांबत नाही, आणि डिझेलही तुमचंच.