उरलेल्या लाल गोळ्या

वहिनीचं कपाट आवरताना लोहाच्या लाल गोळ्यांची सहा पाकिटं निघाली. सरकारी दवाखान्यातली, गरोदरपणातली. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं. "आठव्या महिन्यात एचबी (हिमोग्लोबिन) अकराच्या वर गेलं, मग कशाला घ्यायच्या? पोट साफ होत नाही त्यांनी," वहिनी म्हणाली. बहुतेक घरांत हेच घडतं, आणि हिशेब चुकतो तो इथेच.

पूर्ण गरोदरपणाला मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. त्यातलं अंदाजे ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईचं वाढलेलं रक्त घेतं. एरवी बाईचं शरीर जेवणातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. शेवटच्या महिन्यांत गरज सहा-सातच्या घरात जाते. भाजी-भाकरीवर हे भागणं कठीण. म्हणून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात रोजची एक गोळी आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती गरोदरपणात १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. दुसऱ्या १८०चा बहुतेकींना पत्ताच नसतो.

घरात पीठ डब्यात असतं आणि धान्य कणगीत. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, समोर दिसणारं. कणगी म्हणजे यकृतात आणि अस्थिमज्जेत साठलेलं लोह. तिचा अंदाज फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, रक्ततपासणीतून येतो. गोळ्या सुरू झाल्या की शरीर आधी डबा भरतं, कणगीकडे मागाहून वळतं. एचबी अकरावर आलं म्हणून गोळी थांबवली, तर डबा भरलेला आणि कणगीचा तळ दिसतोय अशी गत होते. त्यात बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं आणि एचबी दहा असेल, तर एका दिवसात जवळजवळ १७० मिलिग्रॅम लोह वाहून जातं.

कणगी मुळात रिकामी होते लग्नाच्या, गरोदरपणाच्या कितीतरी आधी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. गरोदर नसलेल्यांमध्ये? ५७.२ टक्के. दोघींची मोजपट्टी वेगळी आहे हे खरं (गरोदर बाईचं एचबी ११च्या खाली, इतरांचं १२च्या खाली गेलं की रक्तक्षय), तरी दुखणं नऊ महिन्यांपुरतं नाही एवढं त्यातून कळतं.

लोहाचं काम फक्त रक्तात नसतं. स्नायू प्राणवायू धरून ठेवतात तो लोहाच्या आधारानं, पेशी ऊर्जा तयार करतात तीही. मेंदूत डोपामिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. त्यामुळे एचबी बरं दिसत असतानाही जिना चढताना धाप लागते, चिडचिड होते, उदास वाटतं. बाळंतपणानंतरचा रक्तक्षय आणि नैराश्य यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. घरात मात्र सगळ्याला एकच उत्तर: जागरणं होतात ना!

गोळीबद्दलची तक्रार खोटी नाही. मळमळतं, तोंडाला लोखंडी चव येते, शौचाला काळी होते. काळ्या रंगाची भीती नको, न शोषलेलं लोह बाहेर पडतं एवढंच. चहाबरोबर घेतली तर मात्र ती वाया गेल्यात जमा, कारण चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी हवी. लिंबूपाणी चांगलं. गोळी सोसतच नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर दुसऱ्या तिमाहीपासून शिरेतून लोह देता येतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या औषधाचे १००० मिलिग्रॅमपर्यंत एका बैठकीत जातात. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली.

वहिनीनं तपासणी केली. एचबी १०.४, फेरिटिन ९. पंधराच्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. बाळाच्या लसींच्या तारखा कार्डावर ओळीनं लिहिलेल्या होत्या, तिच्या एचबीचा शेवटचा आकडा आठव्या महिन्यातला. डॉक्टरांनी पाकिटांवरची मुदत बघितली आणि त्याच गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. आता त्या रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, उशाशी.