पेटीत लाखाचा ठोकळा का नाही?
आमचा स्थानिक किंमत संच वापरणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी

पेटी उघडली की हा प्रश्न हमखास येतो. एककाचे सुटे ठोकळे आहेत, दशकाचे दांडे आहेत, शतकाच्या पाट्या आहेत, हजाराचा घन आहे. मग दशहजार आणि लक्ष कुठे गेले? विसरलो नाही, हजारावर मुद्दाम थांबलो आहोत.

आमचा सुटा ठोकळा एक सेंटिमीटरचा. त्या मापाने हजाराचा घन दहा सेंटिमीटरचा होतो आणि मुलाच्या दोन हातांत मावतो. दशहजार म्हणजे असे दहा घन, मीटरभर लांब रांग. लाखासाठी अशा दहा रांगा शेजारी-शेजारी. दहा लाख झाले की बरोबर एक घनमीटर! हे बनवणं आम्हाला परवडणार नाही आणि ठेवायला तुमच्याकडे जागा नसेल. तरी एकदा दाखवाच. मीटर-मीटर लांबीच्या बारा काठ्या सुतळीने बांधून वर्गात सांगाडा उभा करा आणि कोपऱ्यात एक सुटा ठोकळा ठेवा. मुलं आत शिरून बसतात, बसू द्या. पाचवीच्या मुलांना पुढचा हिशेबही जमतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. माणशी एक ठोकळा धरला, तर सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटरहून जराशी उंच खोली छतापर्यंत गच्च भरते. आपल्या वर्गात महाराष्ट्र मावेल का, हे मुलांनी टेप घेऊन स्वतः काढावं.

पण रोजच्या शिकवण्यात हजाराच्या पुढे आकारावर विसंबून चालत नाही. तिथे एकच गोष्ट पक्की व्हायला हवी: कुठल्याही घरात दहा जमले की डावीकडच्या घरात एक होतो. संचातल्या नोटा आणि घरांची पट्टी त्यासाठी आहेत. नोटा फक्त १, १०, १००, १,०००, १०,०००, १,००,००० आणि १०,००,००० च्या. ५० आणि ५०० च्या का नाहीत, असं पालक विचारतात. पाचशेची नोट हातात आली की मूल पाच नोटांऐवजी एकच मोजतं आणि शतकाच्या घरातला ५ आला कुठून, ते दिसत नाही. दुकान-दुकान खेळायला बाजारात मिळणाऱ्या नोटा आणा, त्या या पेटीत मिसळू नका.

सर्वांत जास्त वेळ ९९,९९९ ला द्या. पट्टीच्या पाच घरांत नऊ-नऊ नोटा मांडायला सांगा. एका मुलाला बँकवाला करा. मग एक रुपया वाढवा. दहा सुट्या देऊन दहाची बंदी नोट घ्यायची, तर दशकाच्या घरातही दहा होतात, पुन्हा बँकेत जायचं. असं पाच वेळा घडतं आणि शेवटी पट्टीवर लाखाची एक नोट उरते, बाकी पाचही घरं रिकामी. मध्ये बोलू नका. बँकवाला कंटाळला तर बदला, पण फेऱ्या गाळू नका. वहीतला हातचा नंतर सांगावा लागत नाही.

रिकाम्या घरांचा घोळ मात्र वेगळा आहे. सातारा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या तोंडी सांगून लिहायला लावा: तीस लाख तीन हजार सातशे एक्केचाळीस. बरीच मुलं ३०३७४१ लिहितील, काही जण ३००००००३०००७४१. दोघांनीही ऐकलेलं नीट लिहिलंय, घरं पाहिलेली नाहीत. इथे संख्याकार्डे काढा. ३०,००,००० चं लांब कार्ड खाली, त्यावर ३,०००, मग ७००, ४० आणि १, सगळ्यांची उजवी कड जुळवून. दशहजार आणि लक्ष या घरांत खालच्या कार्डाची शून्यं डोकावत राहतात. कार्डे पुन्हा सुटी केली की विस्तारित रूप समोर असतं. ३ हा अंक दोनदा आलाय, दर्शनी किंमत तीच, स्थानिक किंमत एकदा ३०,००,००० आणि एकदा ३,०००. आमच्या मते हे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येआधी यावं.

एक्केचाळीस म्हणताना एक आधी येतो, लिहिताना चार. मोठ्या संख्येत लाख, हजार, सुटे असं प्रत्येक जोडीला हे होतं, म्हणून बासष्ट लाखाचे सव्वीस लाख होतात. ‘वीस एक’ पद्धतीने वाचायचा पर्याय २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आला तेव्हा बराच गदारोळ झाला होता. आम्ही त्या वादात पडत नाही. अडखळणाऱ्या मुलाला दशक आधी बोलू द्यावं, एवढंच सुचवतो.

स्वल्पविराम उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर, पुढे दोन-दोनांनी. हजार-दशहजार, लक्ष-दशलक्ष अशी घरांची जोडी असते, म्हणून दोन. मिलियनची पद्धत तीन-तीनांची, पट्टीच्या मागच्या बाजूला छापली आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही आधी पुढची बाजू पक्की करून मगच पट्टी उलटा.

कार्डे ६३ आहेत, सात घरांची प्रत्येकी नऊ. शून्याचं कार्ड नाही, ते हरवलं असं समजू नये. एका बाजूला देवनागरी अंक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. खरोखर हरवलेली कार्डे सुटी मिळतात, कुठल्या घराचं आणि कोणता अंक तेवढं कळवा.