ऑटोइम्यून हेपटायटिस: कोणती तपासणी पुन्हा पुन्हा करायची, कोणती नाही

ऑटोइम्यून हेपटायटिसचे पेशंट काउंटरवर बहुधा एकच सांगतात, "मागच्या वेळी केल्या होत्या त्या सगळ्या करा." त्या 'सगळ्यां'मध्ये एएनए ही अँटिबॉडीची तपासणी हमखास असते. मोठ्या माणसाची तपासणी असेल आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली नसेल, तर एएनए परत करू नका, असं लॅब असूनही आम्हीच सांगतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते. निदानाच्या वेळी एएनए, एएसएमए, लहान मुलांत विशेषकरून एलकेएम-1 या अँटिबॉडी महत्त्वाच्या असतात. पण आजार शांत झाला तरी एएनए वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते. शिवाय तिचा आकडा 1:80, 1:160, 1:320 असा दुपटीने चढतो आणि बऱ्याच ठिकाणी तो मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी वाचला जातो. 1:320 चं 1:160 झालं म्हणून पेढे वाटू नयेत, आणि उलट झालं म्हणून रात्र जागूही नये.

मग बघायचं काय? एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजी (रक्तातल्या एका मुख्य प्रकारच्या अँटिबॉडींचं एकूण प्रमाण).

यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. एसजीपीटी आणि एसजीओटी ती मोजतात. प्रतिकारशक्ती किती खवळलेली आहे, याचा अंदाज आयजीजीवरून येतो. आजार आटोक्यात आहे असं म्हणायला डॉक्टरांना ही तिन्ही नॉर्मल हवी असतात. एसजीपीटी 32 पर्यंत उतरून नॉर्मल झालं, पण आयजीजी अजून चढंच असेल, तर आत सूज धुमसत असू शकते. पैसे वाचवायला नेमकी आयजीजी गाळणारे बरेच असतात. गाळायचीच तर एएनए गाळा.

आयजीजीच्या रिपोर्टमध्ये एकक जरूर बघा. एका लॅबचा 14.2 आणि दुसरीचा 1420 हे एकच असू शकतं: पहिला ग्रॅम प्रति लिटर, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, म्हणजे आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. (आमच्याकडेच या, असा याचा अर्थ नाही, जिथे जाता तिथेच जात राहा.)

बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांवरून यकृताचं काम कसं चाललंय ते कळतं. सिरॉसिस झालेल्यांनी या तपासण्या टाळू नयेत, कारण एसजीपीटी फारसं वाढलेलं नसतानाही यकृत थकलेलं असू शकतं.

पीबीसी हा पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार वेगळा. तिथे एएमए ही अँटिबॉडी निदानापुरती. पुढे लक्ष अल्कलाइन फॉस्फेटेज आणि बिलिरुबिनवर.

गोळ्यांसाठीच्या तपासण्या

अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी चालू असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकवू नका. या गोळीने पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी बघतात. हा धोका कोणाला जास्त आहे ते कळावं, म्हणून काही डॉक्टर गोळी सुरू करण्याआधी एनयूडीटी15 ही जनुकीय तपासणी सांगतात. भारतीयांत ती विशेष उपयोगी ठरते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. स्टेरॉइड घेणाऱ्यांनी साखरेवर लक्ष ठेवावं.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बंद केल्यावर आजार उलटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. निदान दोन वर्षं सगळं नॉर्मल राहिल्याशिवाय डॉक्टर सहसा तो विचारही करत नाहीत.

रक्त द्यायला येताना

लिव्हरच्या तपासण्यांना उपाशी यायची गरज नाही. सोबत फास्टिंग शुगर असेल तरच उपाशी या. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढू नका, स्नायूंमुळेही एसजीओटी, एसजीपीटी वाढतात. रक्त काढताना पेशी फुटून सीरम लालसर आलं तर एसजीओटी खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून कधीकधी आम्ही पुन्हा बोलावतो. त्रास होतो, पण चुकीच्या आकड्यावर स्टेरॉइड वाढण्यापेक्षा ते बरं.

आणि काढे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळला गेला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचं रूप ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं. आमच्या फॉर्मवर 'चालू औषधं' असा रकाना आहे. त्यात गोळ्यांबरोबर काढे, चूर्णं आणि जिमची पावडरही लिहा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.