तंबूत शिरल्यावरचा भाव

जनावरांच्या बाजारात जुना सौदा रुमालाखाली व्हायचा. बोटं दाबून भाव ठरे, बघ्यांना काही पत्ता लागत नसे. पण देणारा-घेणारा दोघांनाही आकडा पक्का ठाऊक असे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथेच पाळणे आणि खेळांचे तंबूही लागतात. तंबूचा भाव पाटीवर ठळक रंगवलेला, सगळ्या यात्रेला दिसणारा. पुरता मात्र तो आत गेल्यावरच कळतो.

ही विद्या जुन्या अमेरिकी फिरत्या सर्कशींनी टोकाला नेली होती. प्रवेश स्वस्त. आत लाकडी फळ्यांवर बसायचं. नीट खुर्ची हवी तर वेगळे पैसे. मुख्य खेळ संपत आला की माणसं प्रेक्षकांतून फिरत नंतरच्या गाण्याबजावण्याची तिकिटं विकत. बाजूच्या छोट्या तंबूत तर सगळं बघून झालं की शेवटी एक पडदा लागे. खरी गंमत त्याच्या पलीकडे, आणि तिचे पैसे निराळे! तिकीटगाडीची खिडकीही मुद्दाम उंच. मोड ठेवलेली फळी गिऱ्हाइकाच्या नजरेच्या वर, मागून गर्दीचा रेटा; विसरलेली चिल्लर तिकीटवाल्याची. खारे शेंगदाणे आधी आणि सरबत नंतर, हा क्रमही उगाच नव्हता. रक्तातली क्षारांची तीव्रता एक-दोन टक्के वाढली तरी तहान लागते.

पडद्यापर्यंत पोचलेला माणूस मागे का फिरत नाही? १९८५ साली हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे हंगामी पास त्यांनी काहींना पूर्ण किमतीला, काहींना सवलतीत दिले. कुणाला काय मिळणार हे नशिबावर. नाटकं तीच, तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. गेलेला पैसा परत येत नाही हे कळतं, पण तो ‘वसूल’ करायची ओढ सुटत नाही. शिरपूर-दोंडाईचाकडून पोराबाळांना घेऊन आलेल्याचं तर भाडं आणि अख्खा दिवसही त्या पडद्याआधीच खर्ची पडलेला असतो.

भाव थेंबाथेंबाने सांगण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. २०१५ साली स्टबहब या तिकीटविक्री संकेतस्थळावर काहींना शुल्कासकट किंमत सुरुवातीलाच दाखवली, काहींना अगदी शेवटी. शेवटी पाहणाऱ्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन रचनांचे १३ प्रकार ठरवले, त्यात हाही आहे.

मला स्वतःला सगळ्यात हुशार वाटतो तो रिंगवाला, कारण त्याला काही लपवावंच लागत नाही. समजा रिंग आतून ८ सेंटिमीटर रुंद आहे आणि घड्याळाचा गोल डबा ७ सेंटिमीटरचा. रिंग डब्याभोवती पडायची तर तिचा मध्य डब्याच्या मध्यापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत हवा. शेजारी ३ सेंटिमीटरची स्वस्त डबी असेल, तर अडीच सेंटिमीटरपर्यंत चूक चालते. अंतराची मुभा पाचपट, म्हणून क्षेत्रफळाची पंचवीसपट. लांबून दोन्ही डब्या सारख्याच सोप्या दिसतात.

त्यात दोरीपलीकडून फेकलेली रिंग तिरकी येते. ३० अंश कलली की वरून पाहता तिची एक रुंदी ६.९ सेंटिमीटरच उरते, म्हणजे डब्याहून कमी. ती कडेवर आपटते, आणि कडक प्लास्टिकची असल्याने उसळून बाहेर पडते.

अशी हुकलेली रिंग धंद्याला सोन्याची. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जुगाराच्या यंत्रासारखा खेळ खेळणाऱ्यांचे मेंदू तपासले. थोडक्यात हुकलेल्या डावाला मेंदूचे तेच काही भाग प्रतिसाद देत होते, जे जिंकल्यावर देतात. आणि डाव स्वतः निवडलेला असला, तर असं हुकल्यावर पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. रिंगवाल्याने हा शोधनिबंध वाचलेला नसतो. तो हरणाऱ्याला हसत नाही, “थोडक्यात गेली ना भाऊ!” म्हणतो आणि पुढच्या रिंगा हातात देतो.