सँ-लाझार स्थानक (चित्र)

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याने १८७७ मध्ये रंगवलेले, पॅरिसमधील सँ-लाझार या रेल्वे स्थानकाच्या अंतर्भागाचे तैलचित्र. आकार सुमारे ७५ × १०५ सेंमी. या स्थानकाची व परिसराची मोनेने १२ चित्रे काढली. त्यांतले पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील हे चित्र सर्वांत परिचित आहे.

वर काच आणि लोखंडी कैच्यांचे (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचे) उतरते छप्पर, खाली रूळ, समोरून आत येणारे काळे इंजिन आणि मागे उन्हातल्या इमारती. माणसे आहेत, पण कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांएवढीच; चेहरा एकालाही नाही. इंग्रज चित्रकार विल्यम फ्रिथने १८६२ मध्ये लंडनचे पॅडिंग्टन स्थानक रंगवले तेव्हा त्याच्या फलाटावर निरोप, धावपळ, अगदी एका गुन्हेगाराची अटकसुद्धा होती. तिथे स्थानक हे माणसांच्या गोष्टी सांगायचे निमित्त होते. मोनेने गोष्टी काढून टाकल्या आणि मोकळी झालेली जागा वाफेला दिली. छपराखालच्या सावलीत ती निळसर दिसते, उजेडात गेली की पांढुरकी होते. लोखंडासारखी कठीण वस्तूही तिच्यामागे विरघळते. चित्राचा खरा विषय तीच.

मोने तेव्हा पॅरिसजवळच्या आर्जांतईला राहत असे आणि तिथली गाडी याच स्थानकातून सुटे, म्हणजे जागा त्याच्या रोजच्या पाहण्यातली. चित्रकार रेन्वार सांगत असे, की मोने ठेवणीतले कपडे घालून रेल्वेच्या संचालकाकडे गेला आणि त्याच्यासाठी गाड्या थांबवल्या गेल्या, फलाट रिकामे केले गेले, हवा तेवढा धूर निघावा म्हणून इंजिनांत कोळसा ठासला गेला. किस्सा तिखटमीठ लावलेला वाटतो. चित्र काढायची परवानगी मात्र त्याला खरोखरच मिळाली होती.

या मालिकेतील काही चित्रे एप्रिल १८७७ मधील दृक्प्रत्ययवाद्यांच्या (इंप्रेशनिस्ट, म्हणजे उजेडाचा क्षणिक परिणाम टिपणाऱ्या चित्रकारांच्या) तिसऱ्या प्रदर्शनात मांडली गेली. कादंबरीकार एमिल झोलाने त्यांची वाखाणणी करताना लिहिले, की त्यांत गाड्यांची घरघर ऐकू येते. प्रस्तुत चित्र मोनेचा चित्रकार मित्र गुस्ताव्ह कायबोत याच्या संग्रहात होते. १८९४ मध्ये तो वारल्यावर त्याच्या मृत्युपत्रान्वये ते फ्रेंच सरकारकडे आले. ऑर्से संग्रहालयाची इमारतही मूळची रेल्वे स्थानकच, १९०० मध्ये बांधलेली. मात्र तिथल्या गाड्या पहिल्यापासून विजेवर चालत, त्यामुळे त्या छपराखाली वाफ कधी साचलीच नाही.