रिकाम्या फळ्यांची पार्श्वभूमी

दुकानातील रिकामी फळी हे टंचाईचे सर्वांत ओळखीचे चित्र असले, तरी ते फार जुने नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक ठिकाणी किराणा माल गल्ल्यामागे पोत्यांत, डब्यांत आणि खणांत असे; गिऱ्हाईक यादी सांगे आणि दुकानदार किंवा त्याचा नोकर माल तोलून, पुडी बांधून देई. किती माल शिल्लक आहे हे एकट्या दुकानदाराला ठाऊक असे. त्याने ‘संपला’ म्हटले की ते खरे मानण्यावाचून गत्यंतर नसे, आणि उरलेसुरले कोणासाठी राखून ठेवायचे हेही तोच ठरवी.

ही रीत मोडली ती अमेरिकेत. सप्टेंबर १९१६ मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन फळ्यांच्या रांगांमधून फिरायचे, हवे ते स्वतः उचलायचे आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, अशी तेथील व्यवस्था होती. १९१७ मध्ये तिचे पेटंटही त्यांना मिळाले. खर्च कमी करण्याच्या या युक्तीमुळे दुकानातला साठा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आला. १९३० मध्ये मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजच्या जागेत ‘किंग कलन’ सुरू केले, तेव्हा तर मालाच्या थप्प्या हीच दुकानाची जाहिरात झाली. भरलेल्या फळीवर विश्वास ठेवायची सवय लागली की रिकामी फळी पाहून धास्ती वाटणे ओघाने येते. पुढच्या शंभर वर्षांतील घबराटीचे मूळ, माझ्या मते, दुकानाच्या या बदललेल्या मांडणीत आहे.

मात्र प्रत्येक टंचाईत फळी सारख्याच कारणाने रिकामी झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनमध्ये तुटवडा अगदी खरा होता, कारण त्या देशाच्या अन्नाचा मोठा भाग समुद्रमार्गे येई आणि जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर शिध्यावर, म्हणजे रेशनवर, आली आणि यादी वाढत गेली. या योजनेतील खरी मेख नोंदणीत होती: प्रत्येक कुटुंबाने ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवायचे आणि त्या दुकानदाराला नोंदलेल्या गिऱ्हाइकांच्या प्रमाणात माल मिळायचा. वाटा लहान असला तरी तो बहुतेक ठरलेला असे. लांब रांगा लागत त्या प्रामुख्याने मासळीसारख्या शिध्याबाहेरच्या जिनसांसाठी. पाव तर युद्ध चालू असताना कधीच शिध्यावर नव्हता. तो शिध्यावर आला जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यानंतर, आणि दोन वर्षे राहिला. मांसावरील नियंत्रण उठून ही सारी व्यवस्था संपली ती ४ जुलै १९५४ रोजी.

सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील कथा वेगळी आहे. तेथे शांततेच्या काळात, कारखाने चालू असतानाही फळ्या रिकाम्या राहत. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केली आणि हा दोष नियोजकांच्या चुकांत न शोधता व्यवस्थेच्या घडणीत शोधला. कारखाना तोट्यात गेला तरी सरकार सावरून घेणार, याची खात्री असल्याने प्रत्येक व्यवस्थापक कच्चा माल आणि मनुष्यबळ मिळेल तितके ओढून ठेवी. दुकानातील किमती सरकारने खाली बांधलेल्या असल्याने आलेला माल आला तसाच उचललाही जाई. लोक खिशात जाळीची पिशवी बाळगत, रांग दिसली की आधी तिच्यात उभे राहत आणि पुढे काय मिळते आहे याची चौकशी मग करत. पोलंडमध्ये १९७६ साली साखरेसाठी आणि १९८१ साली मांसासाठी कार्डे आली. मांसाची १९८९ पर्यंत टिकली. २ जानेवारी १९९२ रोजी रशियाने बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या, तेव्हा दुकानांत माल पुन्हा दिसू लागला खरा, पण त्या वर्षीच्या महागाईने लोकांची आयुष्यभराची बचत गिळून टाकली. भरलेली फळी म्हणजे सुबत्ता, हे समीकरणही तपासूनच घ्यावे लागते.

आज श्रीमंत देशांतील फळी रिकामी होते, तेव्हा यांपैकी कोणतेच कारण पुरेसे ठरत नाही. त्यासाठी दुकानामागच्या खोलीकडे पाहावे लागते. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांना अमेरिकेतील सुपरमार्केटच्या पद्धतीने भुरळ घातली होती. १९५६ च्या दौऱ्यात त्यांनी ती प्रत्यक्षही पाहिली. गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच फळीवर परत ठेवायचे, हे तत्त्व त्यांनी कारखान्यात लागू केले: पुढच्या टप्प्याने जितके सुटे भाग नेले तितकेच मागच्या टप्प्याने बनवायचे, जादा साठा ठेवायचाच नाही. काही दशकांनी हीच शिकवण, अधिक कडक होऊन, किराणा व्यापाराकडे परत आली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथे च्युइंगगमच्या पाकिटावरील बारकोड गल्ल्यावर वाचला गेला आणि प्रत्येक विक्रीची नोंद आपोआप होण्याचा मार्ग खुला झाला. नोंद नेमकी झाली की मागणीही नेमकी नोंदवता येते. मग जागेचे भाडे, अडकलेल्या पैशांवरचे व्याज आणि नासाडी सोसून मागे साठा ठेवायचा कशाला, असा हिशेब सुरू झाला. मागची खोली आक्रसत गेली आणि साठ्याचा बराच भाग रस्त्यावरच्या मालमोटारींत राहू लागला.

अशा दुकानात फळी भरलेली दिसणे हेही एक काम असते. नोकर उरलेली पाकिटे ओढून फळीच्या कडेशी आणून लावतात, म्हणजे मागची पोकळी झाकली जाते. एखादा ब्रँड संपला तर शेजारचा पसरून त्याची जागा भरतात. २००२ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सर्वसाधारण काळातही सरासरी ८.३ टक्के वस्तू फळीवर नसल्याचे आढळले होते आणि बहुतांश वेळा कारण दुकानाच्याच मागणी नोंदवण्यात किंवा माल लावण्यात होते. म्हणजे थोडी टंचाई रोजचीच असते, ती नजरेत येत नाही इतकेच.

नजरेत आली की काय होते, हे नोव्हेंबर १९७३ मध्ये जपानमध्ये दिसले. तेलसंकटामुळे कागद दुर्मीळ होणार अशी हूल उठली आणि ओसाका परिसरातील एका दुकानापासून सुरू झालेली टॉयलेट पेपरची झुंबड देशभर पसरली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत लोकप्रिय सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांनी दूरचित्रवाणीवर याच वस्तूच्या टंचाईचा विनोद केला आणि तेथील फळ्याही ओस पडल्या. विनोद कळला नाही म्हणून हसण्याचे कारण नाही. शेजारी दुप्पट नेत असेल तर आपणही दुप्पट न्यावे, हे त्या क्षणी शहाणपणाचेच ठरते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टॉयलेट पेपरची पुन्हा तीच गत झाली. मात्र या वेळी साठेबाजीच्या जोडीला आणखी एक कारण होते. माणसे कार्यालयांऐवजी घरी राहू लागली, आणि कार्यालयांसाठीचे मोठे रोल व घरगुती रोल वेगवेगळ्या यंत्रांवर बनतात, वेगवेगळ्या वाटांनी जातात. ब्रिटनमध्ये गिरण्यांकडे पीठ होते, पण घरगुती लहान पुड्या भरण्याची यंत्रे मर्यादित होती. माल होता आणि तरी नव्हता, ही स्थिती गिऱ्हाइकाला समजावून सांगणे दुकानदाराला सोपे गेले नसणार.

उत्पादन मोजक्या हातांत एकवटले असेल, तर या साखळीला मुळातच धक्का बसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधील स्टर्जिस येथील बालदुग्धाच्या पावडरीचा एक मोठा कारखाना जंतुसंसर्गाच्या संशयावरून बंद झाला. त्या बाजाराचा बहुतांश भाग चार कंपन्यांकडे होता, जड आयातशुल्कामुळे परदेशी माल जवळजवळ येतच नव्हता, आणि गरीब मातांसाठीच्या सरकारी योजनेत प्रत्येक राज्याचा करार एकाच कंपनीशी असे. मे महिन्यात सरकारला लष्कराच्या विमानाने युरोपातून पावडर आणावी लागली. ४ जूनला कारखाना पुन्हा सुरू झाला, पण त्याच महिन्यात मुसळधार पावसाचे पाणी आत शिरल्याने परत थांबला, आणि काम पुन्हा हाती घ्यायला जुलै उजाडला.