हवा किती? आधी टायर किती तापलाय ते सांगा

सप्टेंबर २०१५ मध्ये लुईस हॅमिल्टनने इटलीतल्या मोंझाची फॉर्म्युला वन शर्यत आरामात जिंकली, पण निकाल लटकला. सुरुवातीच्या रांगेत उभं असताना त्याच्या मागच्या डाव्या टायरचा दाब ठरवून दिलेल्या किमान १९.५ पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक, पंपावरचे ‘पॉइंट’) ०.३ने कमी भरला होता. त्याच्याच संघातल्या निको रोसबर्गचा तर १.१ने.

शेवटी कारवाई झाली नाही. टायर बसवले तेव्हा दाब बरोबर होता, पण नंतर गरम ठेवणाऱ्या ब्लँकेटची वीज काढली आणि मोजेपर्यंत टायर निवले, हे पंचांना पटलं. टायर १०० अंशांच्या आसपास होते असं धरून हिशेब केला, तर ०.३ पीएसआय उतरायला जेमतेम तीन अंश पुरतात, १.१ला बारा!

आपल्याकडे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हौशी मंडळी स्वतःच्या गाड्या पळवतात. तिथेही गणित हेच. सकाळी २५ अंशांना गेज ३० दाखवतो. पण गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब सांगतो, वातावरणाचे १४.७ धरले की आत असतात ४४.७. आकारमान फारसं बदलत नाही, त्यामुळे दाब निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे अंश सेल्सियस अधिक २७३) प्रमाणात चढतो. आतली हवा ८० अंशांवर गेली की गेजवर ३८ दिसतात. म्हणजे पंपावर हौसेने ‘दोन पॉइंट जास्त’ मारून आलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या फेरीत चाळिशी गाठतो, आणि गाडी वळणात घसरायला लागली की दोष सस्पेन्शनला देतो.

फार फुगलेला टायर मधोमध टेकतो, कडांचं रबर वाया जातं. हवा फार कमी असेल तर वळणात बाजूची भिंत दुमडते, रस्त्याला न टेकायचा भाग घासला जातो आणि टायर जास्तच तापतो. म्हणून टायरच्या खांद्यावरून, म्हणजे टेकणाऱ्या भागाच्या कडेवरून, बाजूपर्यंत खडूची रेघ ओढायची आणि फेऱ्या मारून आल्यावर ती कुठवर पुसली गेली ते बघायचं. दोन रुपयांच्या खडूइतकं खरं बोलणारं उपकरण मी तरी पाहिलेलं नाही. नायट्रोजनचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं: साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. तापमानाच्या या हिशेबात घोळ होतो तो हवेतल्या ओलाव्यामुळे.

तर ठरवायचा तो गरम टायरचा दाब. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आल्या आल्या, टायर निवायच्या आत, चारही चाकं वेगवेगळी मोजायची. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर जास्त तापतात. उजवी वळणं जास्त असतील तर डावे. ठरवलेल्या दाबाच्या वर ज्याचा जितका गेलाय त्यातून तितकी हवा सोडायची.

फक्त ३८वरून ३२वर आणलेला तो टायर संध्याकाळी गार झाला की पंचविशीच्याही खाली येतो. घरी निघताना हायवेला लागण्याआधी हवा परत भरून घ्यायची.